वरची बाई गोड निघाली

माझी मोठी जाऊ क्रेन चालवते. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे क्रेनच्या ऑफिसात असतात का?" नाही हो, ऑफिसात नाही. क्रेनवर. कंटेनरच्या यार्डात चार पायांचा तो पिवळा सांगाडा उभा असतो ना, त्याच्या पोटाला एक काचेची खोली टांगलेली असते, तिच्यात ती बसते. तिथून खालचा माणूस बोटाएवढा दिसतो आणि तिने उचललेला डबा खोलीएवढा असतो. तो डबा ती ट्रेलरवर असा टेकवते की ड्रायव्हरला आरशात बघून खात्री करावी लागते, ठेवला का नाही ते. बाकीचे ठेवतात तेव्हा माझ्या दुकानातल्या टाचण्या उडतात.

माझं दुकान यार्डाच्या कुंपणासमोरच आहे, कपडे अल्टर करायचं. पँटची उंची, कोटाची बाही, बिघडलेल्या चेनी, वाढलेली पोटं. मशीनवरून मान वर केली की ताईची, म्हणजे या जावेची, क्रेन दिसते. आम्ही दोघी एका घरात राहतो, एकाच ओट्यावर स्वयंपाक करतो, आणि मीठ जास्त कुणी घातलं यावरून आठवड्यातून एकदा तरी आमचं वाजतं. वर दिवसभर मी तिच्या नजरेच्या टप्प्यात. दुपारी जरा डुलकी लागली तर रात्री जेवताना ऐकावं लागतं, "आज गिऱ्हाईक नव्हतं वाटतं?" एवढी लांबची नजर, पण घरात समोर ठेवलेली किल्ली तिला सापडत नाही.

यार्डात तिला 'वरची बाई' म्हणतात. कुणी कामात चुकारपणा करायला लागलं की दुसरा म्हणतो, "सांभाळ, वरची बघतेय." ती स्वतः मात्र फार बोलत नाही. आमच्या दोघींच्या वाट्याचं बोलणं मीच बोलते, असं सासूबाई म्हणतात, आणि ते त्या कौतुकाने म्हणत नाहीत.

तिचा स्वभाव कळायला एक गोष्ट पुरे. हूक फार वर गेला की क्रेन आपोआप थांबावी म्हणून एक स्विच असतो. हा स्विच जरा नाजूक, कधी विनाकारणच क्रेन थांबवतो. मग काम अडतं, साहेब ओरडतात. म्हणून कुणीतरी त्यात लाकडाची एक पाचर ठोकून ठेवली होती. स्विच दाबला जाणारच नाही, काम थांबणारच नाही. सगळ्यांना माहीत होतं, सगळे मूग गिळून गप्प होते. ताई त्या क्रेनवर पहिल्यांदा चढली, पाचर बघितली, आणि तशीच खाली उतरून चहा पीत बसली. पाचर काढेपर्यंत ती उठली नाही. साहेब आले, त्यांचे साहेब आले. "बाई, आजवर काही झालंय का?" असं विचारून झालं. ती म्हणाली, "पाचर काढा, मी चढते." तेवढंच. शेवटी काढली.

अशी ही बाई. आता कंपनीवाले तिच्याशी कसे वागले ते सांगते. अजूनही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सुरुवात तिच्या पायांपासून झाली. संध्याकाळी बूट काढले की घोट्यावर मोज्याचा वण खोलवर उमटलेला असायचा आणि बोटाने दाबलं की खड्डा पडायचा. मीच तिला ओढून दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. साखर नाही, रक्तदाब थोडा, पण किडनीतून प्रथिनं गळत होती. किडनीच्या डॉक्टरबाई वयाने आमच्याएवढ्याच, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, "वेळेत आलात. गळती कमी करता येईल." नेहमीची औषधं दिली, त्यांनी पुरेसा फरक पडेना. मग एक नवी गोळी सुरू केली. मूळची मधुमेहाची, पण किडनी जपते म्हणून आता साखर नसलेल्यांनाही देतात, असं त्या म्हणाल्या.

"मला साखर नाही, मग साखरेची गोळी कशाला?" ताईने विचारलं. तिने आपणहून प्रश्न विचारला, यावरून ती किती घाबरली होती ते मला कळलं.

डॉक्टरबाईंनी कागदावर एक नळी काढली. "किडनी आधी रक्तातलं खूप काही या नळीत सोडून देते. पाणी, मीठ, साखर, सगळंच. मग कामाचं तेवढं परत घेते. पण नळीच्या भिंतीतल्या पेशींभोवती पापुद्रा असतो, त्यातून साखर आपली आपण पलीकडे जात नाही. त्या पापुद्र्यात प्रथिनं बसलेली असतात, ती साखर धरतात आणि इकडून तिकडे नेऊन सोडतात. दिवसभर तेच काम."

"म्हणजे क्रेनच," ताई म्हणाली.

डॉक्टरबाई हसल्या. "क्रेनच. आणि ही गोळी त्या क्रेनच्या केबिनमध्ये जाऊन बसते. ऑपरेटरला बसायला जागाच नाही. मग साखर, आणि तिच्याबरोबर थोडं मीठ, नळीतच राहतं आणि लघवीतून निघून जातं. त्याने किडनीच्या गाळणीवरचा दाब उतरतो. तिला विश्रांती मिळते."

"म्हणजे लघवीत साखर दिसणार?" मी विचारलं.

"दिसलीच पाहिजे. रक्तातली साखर ठीकच राहील, पण लघवीत भरपूर दिसेल. नाही दिसली तर मी यांना विचारीन, गोळी घेता की खिडकीतून टाकता?"

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ठेवलंय.

मला तर या क्रेनचा नादच लागला. पुढच्या खेपेला मी घरातला औषधांचा डबाच पिशवीत घालून नेला आणि एकेक गोळी डॉक्टरबाईंच्या पुढे धरली. सासूबाईंची ॲसिडिटीची गोळी? पोटात आम्ल ढकलणारा पंप ती बंद करते. सासऱ्यांची, जी घेतल्यावर ते दर थोड्या वेळाने बाथरूमकडे धावतात ती? तीही किडनीतच, जरा पुढच्या वळणावर, मीठ उचलणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला अडवते. मध्यंतरी माझ्या नवऱ्याला काहीच करावंसं वाटेना तेव्हा दिलेली गोळी? ती मेंदूत, तिथे एक रसायन परत आत ओढून नेणारं प्रथिन आहे, त्याला ती थोपवते. म्हणजे आमच्या घरातला निम्मा डबा कुठल्या ना कुठल्या क्रेनवर चढून बसलेला होता. बाहेर रांगेतले लोक माझ्या नावाने बोटं मोडत होते, पण डॉक्टरबाईंनी सगळं सांगितलं.

गोळी लागू पडली. घोट्यावरचा वण गेला, गळती निम्म्याहून कमी झाली. आणि बाथरूममध्ये मुंग्या आल्या.

आधी त्या सासूबाईंना दिसल्या. त्यांनी बाहेर येऊन असा काही सूर लावला की शेजारचे दार उघडून बघायला लागले. "मोठीला साखर झाली गं! तरी मी सांगत होते, चहात एवढी साखर घालू नकोस!" मी समजावलं. नळी काढून दाखवली, क्रेन काढून दाखवली. त्या म्हणाल्या, "मला शिकवू नकोस, मुंग्या खोटं बोलत नाहीत," आणि आधण ठेवून मुंग्यांवर ओतत बसल्या. ताई हसून हसून भिंतीला टेकली. तेव्हा आम्हाला हसू येत होतं.

यार्डात क्रेनवर आणि क्रेनखाली काम करणाऱ्यांचं वर्षाला मेडिकल होतं. डोळे, कान, रक्तदाब, आणि लघवीत बुडवायची एक कागदाची पट्टी. पट्टीचा रंग बदलला तर माणूस 'गोड निघाला'. हा तिथला शब्द. "तो कुठे दिसत नाही हल्ली?" "अरे, तो गोड निघाला." गोड निघाला म्हणजे खाली आला. या नियमामागे काही अर्थ होता हे मी मान्य करते. कुणाला नकळत मधुमेह असेल, वर बसून डोळ्यापुढे अंधारी आली तर खालचे चिरडतील. ठीक आहे. पण नियम केला तेव्हा ही गोळी नव्हती.

ताई गोड निघाली.

तिला वाटलं, सांगितलं की झालं. तिने डॉक्टरबाईंची चिठ्ठी नेली, रक्ताचा रिपोर्ट नेला. मी बरोबर गेले, कारण ती बोलत नाही आणि मला गप्प बसवत नाही. कंपनीचे डॉक्टर सभ्य गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज, बसा म्हणाले, पाणी विचारलं. चिठ्ठी पूर्ण वाचली. मी माझी नळी आणि क्रेन सुरू केली तर हात वर करून म्हणाले, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"हेच सगळं. या गोळीने लघवीत साखर येतेच. यांना मधुमेह नाही. गोळी चांगलं काम करतेय असाच त्याचा अर्थ. मला माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. फॉर्मवर रकाना आहे, लघवीत साखर, आहे की नाही. आहे, तर यंत्र चालवायला अनफिट. गोळीसाठी रकाना नाही."

"मग रकाना घाला!"

"ते हेड ऑफिस ठरवतं. माझ्या हातात नाही."

"त्यांना तुम्ही सांगितलंत का?"

त्यांनी पेन टोपणात घातलं, परत काढलं. "त्यांनी विचारलं तर सांगेन की."

खरं सांगते, त्यांना माहीत नसतं तर मला इतकं लागलं नसतं. न कळणाऱ्या माणसाला निदान सांगता येतं. पण सगळं कळून, मान डोलावून, मऊ आवाजात शिक्का मारणाऱ्या माणसाचं करायचं काय? मी त्यांना बोलायचं ते बोलले. ताईने माझा दंड धरून मला बाहेर आणलं तेव्हा मी अजून बोलतच होते, आणि दारातला शिपाई दुसरीकडे बघत हसत होता.

तिला बेल्टच्या शेडमध्ये टाकलं. डबे बांधायचे जाड कापडी पट्टे असतात, ते तपासायचे, फाटके बाजूला काढायचे, बाकीचे गुंडाळायचे. पत्र्याची शेड, एकच पंखा, तोही भिंतीकडे तोंड करून बसलेला. यार्डातला सगळ्यात हलका हात कुठे, तर पट्टे गुंडाळायला. आणि तिच्या क्रेनवर एक नवा पोरगेलासा गडी, जो डबा ठेवत नाही, सोडतो. दिवसभर धडाम, धडाम. माझ्या टाचण्या उडत राहिल्या. संध्याकाळी ताई घरी येऊन म्हणायची, "आज त्याने चारही कोपरे वेगवेगळे टेकवले." बस, एवढंच. मग जेवायची नाही धड. वरचा माणूस खाली बसवला की तो लहान होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. घरात मिठावरून मी मुद्दाम कुरापत काढली तर ती म्हणाली, "असेल, मीच घातलं असेल." मी हादरले.

तिच्या क्रेनखाली शिट्टी वाजवून इशारे देणारा एक माणूस होता. शिट्टीवालाच म्हणतात त्याला. त्यांची जोडी जुनी; त्याने हात हलवायच्या आधी ही डबा हलवायची. त्याला मधुमेह आहे आणि त्याचीही गोळी हीच. तो एक दिवस शेडमध्ये आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही फार सरळ हो. मी कधी गोड निघालोय का? मेडिकलच्या आधी गोळीचा उपास धरायचा. पंधरा दिवस बंद. पट्टी साफ. मग पुन्हा सुरू. सगळे तेच करतात."

म्हणजे बघा. ज्यांनी औषध घेतलं ते अनफिट, ज्यांनी सोडलं ते फिट. आणि हे सगळं यार्ड वर्षानुवर्षं करत होतं, शिट्टीच्या तालावर.

ताई म्हणाली, "ही पाचर झाली."

"पाचर तर पाचर. वर तरी जाल."

घरी यावरून सभा भरली. मोठे दीर म्हणाले, "पंधरा दिवसांनी काय होतंय?" सासूबाई म्हणाल्या, "त्या गोळीनेच मुंग्या आल्या, बंदच कर." किडनीच्या डॉक्टरबाईंना फोन केला, त्या चिडल्या. म्हणाल्या, "अजिबात थांबवायची नाही. मी त्यांना आणखी चिठ्ठी देते." आणखी चिठ्ठी दिली. कंपनीच्या डॉक्टरांनी तीही पूर्ण वाचली, घडी घालून परत दिली आणि फेरतपासणीची तारीख दिली. आणि मग, मी समोर होते, माझ्या कानांनी ऐकलं, ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाकीचे लोक येतात साफ होऊन. कसे येतात मी विचारत नाही. तुम्हीही बघा काय ते."

डॉक्टर! गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला माणूस आजारी बाईला औषध सोडायला सांगतो, आणि तेही असं की उद्या कुणी विचारलं तर हात झटकता यावेत.

तिने सोडली गोळी. मी तिला दोष देत नाही. दिवसभर आपल्याच क्रेनची धडाम धडाम ऐकत पट्टे गुंडाळून बघावं कुणीतरी, मग बोलावं. त्या दिवसांत सासूबाई बाथरूममधून समाधानाने बाहेर यायच्या. मुंग्या गेल्या होत्या. आणि ताईच्या घोट्यावर मोज्याचा वण परत आला. आधी संध्याकाळी, मग सकाळीही. जिना चढून आली की दारात थांबून दम खायची आणि चपलांशी काहीतरी करतेय असं दाखवायची. फेरतपासणीच्या आदल्या दिवशी बूट पायात जाईना, तर तिने नाड्याच काढून टाकल्या.

पट्टी साफ निघाली. फिट. शिक्का.

तिला चढताना बघायचं म्हणून मी मशीन बंद करून दारात उभी राहिले. यार्डातल्या लोकांनीही हातातलं काम थांबवलं होतं. शिट्टीवाल्याने उगाचच एक लांब शिट्टी मारली. ती शिडी चढू लागली. ही शिडी ती बोलता बोलता चढायची. पहिल्या टप्प्यावर ती थांबली. मला वाटलं, खाली बघून हात करेल. ती खाली बसली. गजाला धरून, डोकं गुडघ्यांकडे घालून, बसूनच राहिली.

मी गळ्यात टेप तशीच ठेवून धावले. फाटकावरच्या माणसाने अडवलं, पास नाही म्हणून. त्याला मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. कुंपणाच्या जाळीला धरून बघत राहिले. बऱ्याच वेळाने ती उठली. वर नाही गेली. एकेक पायरी, मागे वळून, सगळ्या यार्डाच्या देखत खाली उतरली आणि सरळ कंपनीच्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. पुढचं शिट्टीवाल्याने सांगितलं, तो तिच्या मागोमाग गेला होता.

तिने खुर्चीत बसून पायातला बूट ओढून काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला, शिक्क्याशेजारी. मग पाय पुढे केला. म्हणाली, "दाबून बघा."

त्यांनी बघितलं. दाबायची गरजच नव्हती. आणि हा सद्गृहस्थ तिला काय म्हणाला असेल? "अहो बाई, तुम्ही गोळी थांबवलीत की काय? थांबवायला नको होती."

शिट्टीवाला म्हणतो, ते ऐकून त्याचीच मूठ वळली. ताई मात्र शांत. म्हणाली, "मी आजारी आहे. अनफिट लिहा."

"तसं कसं लिहिता येईल? पट्टी साफ आहे तुमची."

"बरी होते तेव्हा अनफिट लिहिलंत. आज दम लागतोय, तर फिट?"

"मला माहीत आहे," ते म्हणाले, "पण..."

ती उठली. बूट हातात घेतला आणि एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा, अशी यार्ड ओलांडून बेल्टच्या शेडमध्ये गेली आणि पट्टे गुंडाळायला बसली. कुणी पाठवलं नव्हतं. फिट असलेल्या बाईने क्रेन नाकारली याचं काय करायचं हे साहेबांना कळेना. कारण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, म्हणून कुणी विचारलं नाही. त्याच दिवशी तिने डबा उघडून गोळी घेतली. माझ्यासमोर घेतली. "पुन्हा नाही," म्हणाली.

मी त्या रात्री रडले. रागाने रडले. ज्या बाईने एका पाचरीसाठी अख्खं यार्ड थांबवलं, तिच्याच हातून तिच्याच अंगात पाचर ठोकून घेतली होती या लोकांनी.

त्या बुटाचं मात्र काहीतरी झालं. शिट्टीवाल्याला तो बूट विसरता येईना. तो माझ्या दुकानात यायचा, काही काम नसताना, आणि म्हणायचा, "वहिनी, मीच बाईंना उपास शिकवला हो." मी म्हटलं, "इथे डोळे पुसू नका, कापडावर डाग पडतात. तिथे जाऊन काय करायचं ते करा." मी जरा फटकळ आहे, पण त्याला ते लागू पडलं.

पुढच्या मेडिकलला शिट्टीवाला आत गेला आणि पट्टीचा रंग असा बदलला की विचारू नका. "गोळी घेतो रोज," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलीय म्हणून घेतो." त्याच्या मागून एक क्रेनवाला गोड निघाला. मग दुसरा. मग ताईच्या क्रेनवरच्या त्या धडाम-धडाम गड्याचा मुकादम. त्यांनी शेडमागे बसून आधीच ठरवलं होतं. सगळे नव्हते त्यात. एक जुने काका आहेत, ते तेवढे साफ निघाले. अजूनही उपास धरतात आणि ताईला बघून मान खाली घालतात. पण बाकीचे पुरेसे होते. दुपारपर्यंत बहुतेक क्रेनना माणूस उरला नाही. ट्रेलरची रांग माझ्या दुकानाच्या पुढे गेली, ड्रायव्हर उतरून माझ्याकडे पाणी मागायला लागले. मी आनंदाने दिलं.

मग हेड ऑफिसचा फोन आला. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. अखेर विचारलं! आणि कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं. ही गोळी काय करते, साखर उचलणारं प्रथिन कसं अडतं, लघवीतली साखर म्हणजे आजार नव्हे, अशांची रक्तातली साखर तपासली पाहिजे. घडाघडा सांगितलं, दारात उभा असलेला शिट्टीवाला म्हणतो, पाठ असल्यासारखं. पलीकडून विचारलं असावं, आधी का नाही बोललात. त्यावर ते म्हणाले, "विषय निघाला नाही."

संध्याकाळी फळ्यावर सूचना लागली. अमुक औषध घेणाऱ्यांची लघवीऐवजी रक्ताची तपासणी. दोन ओळी. ज्या कामासाठी माझ्या जावेचे किती महिने गेले, ते दोन ओळींचं निघालं. ना तिचं नाव, ना कुणी चुकलं म्हणालं.

तिच्या पायांची सूज उतरल्यावर ती वर गेली. बोलता बोलता चढली. पहिला डबा तिने ठेवला तेव्हा मी टाचण्यांच्या डबीकडे बघत होते. एक टाचणी हलली नाही. घरी आले तर सासूबाई बाथरूमच्या दारात वाकून उभ्या. आधणाचं पातेलं रिकामंच होतं. मला म्हणाल्या, "आल्यात गं परत." आणि दार हळूच लोटून घेतलं, मुंग्यांना त्रास नको म्हणून.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण परवा कंपनीचे डॉक्टर माझ्या दुकानात आले. आखूड जॅकेटची चेन अडकली होती. मी ती काउंटरवरच सोडवून दिली. तसे ते खुशीत म्हणाले, "झालं ना शेवटी सगळं नीट? मी म्हणत होतोच." आणि जायला वळले.

वळले तेव्हा मला दिसलं. पँटची मागची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली होती. आत निळे पट्टे. इतकी वर्षं हेच काम करते, मला नाही दिसणार तर कुणाला? मी तोंड उघडलं. आणि मिटलं. ते रस्ता ओलांडून, फाटकातून, भर यार्डातून गेले. वर क्रेन मध्येच थांबली. ताईला लांबचं छान दिसतं.

थोड्या वेळात ते परत आले, जॅकेट कमरेला मागून बांधून, लालबुंद. "माझी पँट मागे फाटली होती! तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं की," मी म्हटलं. "मला माहीत होतं."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

ते बघतच राहिले माझ्याकडे. मग त्यांची नजर खाली गेली. पडद्यामागे जाऊन त्यांनी पँट काढून दिली आणि तिथेच थांबून राहिले. मी मशीन सुरू केलं. समोर ताईचा डबा आवाज न करता खाली येत होता.

जरा वेळाने पडद्यामागून मऊ आवाज आला, "झाली का हो?"

"तुमच्या आधी एक बाई आहेत," मी म्हटलं. "त्यांनी फार वाट बघितलीय." आणि ताईच्या बुटांसाठी आणलेल्या नव्या नाड्यांची टोकं शिवायला घेतली.